स्वतःशी नीट बोलायला शिकायचंय? पहिल्या दोन महिन्यांत काय करायचं ते सांगते

सेल्फ लव्ह म्हटलं की आपल्याकडे अजूनही दोनच गोष्टी डोळ्यासमोर येतात, एकतर पार्लर-शॉपिंग नाहीतर स्वार्थीपणा. आणि अध्यात्म म्हणजे रिटायर झाल्यावर बघू. मी पण असंच समजायचे. पाचपाखाडीला घर, घणसोलीला ऑफिस, घरात सासूबाई, शाळेत जाणारा मुलगा, पहाटे साडेपाचला सुरू झालेला दिवस रात्री अकराला संपणार, त्यात कुठलं प्रेम नि कुठलं अध्यात्म. वरवर सगळं ठीक चाललं होतं पण मन सतत कुरकुरत असायचं, रात्री झोप लागायची नाही आणि पहाटे डोळा लागला की अलार्म.

मग एक दिवस असं झालं. सकाळी धाकट्या बहिणीला व्हॉइस नोट पाठवत होते, आईच्या गोळ्यांबद्दल काहीतरी, आणि बोलता बोलता दूध उतू गेलं. फोन ओट्यावर ठेवला, गॅस बंद केला, रेकॉर्डिंग चालूच राहिलं, आणि ती नोट तशीच गेली. संध्याकाळी तिचा मेसेज, "ताई, तू कुणाला बोलतेयस गं एवढं?" मी ठाण्याच्या गाडीत होते, रबाळे गेल्यावर इयरफोन लावून ऐकलं. "गाढवे, एक काम धड येत नाही. काय कामाची आहेस तू. सगळ्यांच्या डोक्याला ताप नुसता." आवाज माझा होता आणि घरात तेव्हा दुसरं कुणीही उठलेलं नव्हतं. कपभर दुधासाठी मी जे बोलत होते ते मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना काय, अनोळखी माणसालाही कधी बोलले नसते. ऐरोली आलं, दिघा आलं, मी ती नोट चार वेळा ऐकली. ठाण्याला नऊ नंबरवर उतरले आणि बाकड्यावर बसून राहिले बराच वेळ.

तिथून माझी सुरुवात झाली, त्याला आता दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मला एक गोष्ट कळली ती आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते लक्षात येईल. आपण दिवसभर स्वतःला ज्या भाषेत बोलतो ती भाषा बदलायची आहे. ध्यान, जप, श्वास, वही, सगळं त्या एका कामासाठी. भाषा तीच ठेवून कितीही ध्यान केलं तरी ध्यानात पण आपण स्वतःला ओरडतच बसतो, "बघ, एवढं पण जमत नाही". मी महिनाभर तेच केलं म्हणून सांगतेय.

पहिला आठवडा: नुसतं मोजायचं

काहीही बदलायचं नाही. चांगले विचार करा, पॉझिटिव्ह राहा, असलं काही नाही. फक्त एक छोटा कागद जवळ ठेवायचा, मी ऑफिसच्या आयडी कार्डच्या कव्हरमध्ये ठेवायचे, आणि जेव्हा जेव्हा स्वतःला वाईट बोललेलं लक्षात येईल तेव्हा एक उभी रेघ मारायची. तोंडाने बोलला असाल किंवा मनात, दोन्ही धरायचं. रात्री झोपण्याआधी त्यातलं आठवेल ते एक वाक्य जसंच्या तसं लिहायचं. सभ्य करून लिहायचं नाही, जसं बोललात तसं.

माझ्या पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस रेघा झाल्या. आणि त्यासुद्धा लक्षात आलेल्या.

आठवड्याच्या शेवटी ती सात वाक्यं सलग वाचा आणि प्रत्येक वाक्याला विचारा की हा आवाज कुणाचा आहे. हे फार महत्त्वाचं आहे, घाई करू नका. माझं एक वाक्य तर शाळेतल्या एका बाईंचं होतं, शब्दसुद्धा तेच, तीस वर्षं मी ते सांभाळून ठेवलं होतं आणि मला वाटायचं हे माझंच मत आहे माझ्याबद्दल. एक आईचं होतं, आणि आईला तिच्या सासूने तेच ऐकवलेलं. हे कळल्यावर मी खूप रडले पण त्या रात्री झोप चांगली लागली.

दुसरा आठवडा: जागा आणि वेळ

आता दहा मिनिटं काढायची, रोज, त्याच वेळी, त्याच जागी. वन बीएचकेमध्ये जागा कुठून आणायची हा प्रश्न मलाही होता. आमचं देवघर किचनमध्येच आहे, फ्रिजच्या शेजारी भिंतीवर, त्याच्यासमोर एक छोटं आसन टाकते, घरातले उठायच्या आधी. निरांजन लावते आणि ते तेवत असेपर्यंत बसते. तुमच्याकडे गॅलरी असेल तर तुळशीजवळ बसा, बिल्डिंगची गच्ची उघडी असेल तर तिथे. देव मानत नसाल तरी काही अडत नाही, खिडकीतून दिसणारं एखादं झाड धरा, पण रोज तेच झाड.

घरात अजिबात शक्य नसेल तर आपलं ठाणं तलावांचं शहर म्हणवतं त्याचा फायदा घ्या. सकाळी सहाच्या सुमाराला तलावपाळीला गेलात तर वॉकवाले असतात पण गोंगाट नसतो, बोटी बांधून ठेवलेल्या असतात आणि कोपिनेश्वराच्या देवळातली घंटा मधूनच ऐकू येते. संध्याकाळी मात्र तिथे जाऊ नका शांतता शोधायला, ती जत्रा असते. कचराळी तलाव मला जास्त जवळचा, फेरी मारून कडेला बसता येतं. उपवनला पलीकडे येऊरचे डोंगर दिसतात, पावसाळ्यात तर नुसतं बघत बसावं. नवी मुंबईत राहत असाल तर वाशीचं सागर विहार आहे, आणि थंडीपासून मेपर्यंत सीवूड्सला टी. एस. चाणक्य या कॉलेजच्या मागच्या पाणथळीवर फ्लेमिंगो येतात, ते उथळ पाण्यात मान खाली घालून चरत असतात तासन् तास, त्यांच्याकडे दहा मिनिटं बघितलं तरी श्वास आपोआप सावकाश होतो. फक्त फोन खिशात राहू दे. एकदा फोटो काढायला फोन बाहेर काढला की ती दहा मिनिटं गेली.

दहा मिनिटांत काय करायचं

पाठ सरळ पण ताणलेली नाही, जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्चीवर, पाय जमिनीला टेकलेले. नाकाने श्वास घेताना मनात चार मोजायचे, सोडताना सहा. म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. श्वास रोखून धरायचा नाही. सहा जमत नसेल तर तीन आणि चार करा, सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब असलं म्हणजे झालं. गरगरायला लागलं तर लगेच थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

हे का करायचं तेही सांगते कारण मला कारण कळल्याशिवाय कुठलीच गोष्ट टिकत नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात, हे प्रत्येक निरोगी माणसात होतं, मनगटावर बोट ठेवून बघा, थोड्या सरावाने कळतं. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे, शरीराला "आता धोका नाही, शांत हो" हे सांगण्यात तिचा मोठा भाग असतो, आणि सावकाश लांब सोडलेल्या श्वासाने तिचं काम वाढतं. मनाला समजावून मन ऐकत नाही पण शरीर शांत झालं की मन पाठोपाठ येतं, निदान माझं तरी येतं.

नामस्मरणाची सवय असेल तर श्वास सोडताना नाम घ्या. माझी आजी एकशे आठ मण्यांची माळ ओढायची आणि मला वाटायचं ही नुसती मणी मोजतेय. आता कळतं की तिचा श्वास त्या नामाच्या लयीत चालायचा, आणि एवढ्या कष्टात ती बाई कधी चिडलेली आठवत नाही ती उगाच नाही. कुठलं नाम, कुठला देव, मंत्र की नुसता श्वास, हे तुमचं तुम्ही ठरवा, फक्त दर आठवड्याला बदलू नका. मोबाईलवर रोज नवीन टेक्निक दिसते, चक्र, क्रिस्टल, अमुक हर्ट्झचं संगीत, त्याच्या मागे लागलात तर बसायचं राहूनच जाईल.

मन भटकणार. भाजी आणायचीय, तो मेल गेला का, मुलाची फी. भटकलेलं लक्षात आलं की ओढून आणायचं नाही, नुसतं परत मोजायला लागायचं. इथेच भाषेचा पहिला सराव होतो, कारण भटकल्यावर तुम्ही स्वतःला काय म्हणता ते ऐका.

तिसऱ्या आठवड्यापासून: भाषा

हे या सगळ्याचं काळीज आहे.

पंढरीच्या वारीत कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. "माऊली, जरा सरका", "माऊली, पाणी हवंय का", म्हातारा असो की पोर, पोलीस असो की चहावाला, सगळे माऊली. भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. मी लहानपणापासून हे बघत आले, आमच्या गावावरून दिंडी जायची, आणि त्या सगळ्या गर्दीला मी माऊली म्हटलंय. पण स्वतःला? एकदाही नाही. हे मला कचराळीच्या कट्ट्यावर बसलेली असताना सुचलं आणि अंगावर काटा आला.

तर करायचं असं. रेघ मारायची वेळ आली, म्हणजे तुम्ही स्वतःला काहीतरी लागट बोललात, की तेच वाक्य परत बोलायचं पण सुरुवातीला माऊली लावून. "माऊली, दूध उतू गेलं. गॅस बंद कर, ओटा पुसून घे, चहाला पुरेल एवढं आहे अजून." बघा, माऊली म्हटल्यावर पुढे गाढव येतच नाही, जीभ आपोआप वळते. माऊली तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या धाकट्या भावंडाचं नाव घ्या, किंवा लहानपणी तुम्हाला प्रेमाने ज्या नावाने हाक मारायचे ते. माझ्या बहिणीने स्वतःसाठी "बाळा" ठरवलंय.

यात खोटी स्तुती करायची नाही हे मात्र ध्यानात ठेवा. चूक झाली असेल तर झाली म्हणायचं. ऑफिसमध्ये मी एकदा चुकीच्या महिन्याची फाईल पाठवली, पूर्वी दोन दिवस मनात स्वतःला चिरडत राहिले असते. आता म्हटलं, "माऊली, फाईल चुकली, लाज वाटतेय ना, वाटणारच. अशी चूक कुणाचीही होते. आत्ता फोन करून सांग आणि बरोबर फाईल पाठव." पाच मिनिटांत काम झालं. नंतर वाचताना कळलं की क्रिस्टिन नेफ नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी २००३ मध्ये स्वतःबद्दलच्या करुणेवर जी मांडणी केली त्यात हेच तीन भाग आहेत, जे वाटतंय ते न लपवता, न वाढवता जसंच्या तसं बघणं, हे माणसांचं होतंच हे लक्षात ठेवणं, आणि स्वतःशी मायेने वागणं. आणि बौद्ध परंपरेत मैत्री भावना करताना तर सुरुवातच स्वतःपासून करतात, माझं भलं होवो, मग जवळच्यांचं, मग सगळ्यांचं. म्हणजे स्वतःवर माया करणं हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही, आपल्याच मातीत आहे, आपण विसरलो.

पहिले काही दिवस हे करताना खोटं वाटेल, नाटकी वाटेल. वाटू दे. काही जणांना तर मायेने बोलल्यावर राग येतो किंवा रडू फुटतं, बरेच वर्षांनी कुणी विचारपूस केली की होतं ना तसं.

वही, चार दिवसांची

महिना झाला की हे करा, त्याआधी नको. जेम्स पेनेबेकर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना बरं वाटलं नाही, उलट जास्त उदास वाटलं, पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना पुढच्या महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा जावं लागलं. त्यामुळे लिहिल्यावर त्याच दिवशी हलकं वाटलं नाही तर घाबरू नका. अलार्म लावा, पंधरा मिनिटं पेन उचलायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. मी शेवटी कागद फाडून टाकले. आणि एखादी घटना आठवूनच हातपाय थरथरत असतील, छाती भरून येत असेल तर ती एकट्याने उघडू नका, हलकी गोष्ट घ्या आणि जड गोष्ट समुपदेशकासमोर.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात

झोप, जेवण, चालणं याला अध्यात्मातून वगळू नका. मी उपाशीपोटी ऑफिसला पळायचे आणि अकरा वाजता जगाचा वैताग यायचा, तो बराचसा भुकेचा होता. रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी १२, डी. यातलं काही कमी-जास्त असलं तरी माणूस थकलेला, उदास राहतो आणि आपण मनालाच दोष देत बसतो.

नाही म्हणायला शिका, पण लढाई करून नाही. मी रविवार सकाळचे दोन तास मागून घेतले. सासूबाई पहिले दोन रविवार बोलल्या नाहीत, तिसऱ्या रविवारी स्वतःच म्हणाल्या, "जाऊन ये तू तळ्यावर, पोह्यांचं मी बघते." मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की आई, मला दोन तास एकटीला बसायचंय, कुणावर राग नाही. कारणं देत बसले असते तर भांडण झालं असतं.

पैसे. याबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे कारण ओळखीतल्या माणसांना यात बुडताना बघितलंय. श्वासाला पैसे लागत नाहीत. जो कुणी म्हणेल की तुमच्यावर करणी आहे, ग्रहशांतीला इतके लाख, डॉक्टरची औषधं बंद करा, तो कितीही गोड बोलला तरी उठून या. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसात तक्रार करता येते. खरी शिकवण देणारे पैशांसाठी मागे लागत नाहीत. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर बघा, राहणं-जेवण धरून फी नसते, शिबिर पूर्ण झाल्यावर वाटलं तर दान. इगतपुरी सगळ्यांना माहीत असतं पण बेलापूरला पारसिक हिलवरही केंद्र आहे. मात्र जवळजवळ दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, ही पहिली पायरी नाही. आधी घरी तीन-चार महिने बसायची सवय लागू दे. आणि मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात लपवू नका, डॉक्टरांनाही विचारा.

हे सगळं कुठे थांबवून डॉक्टर गाठायचा

दोन आठवडे सलग मन खचलेलं असेल, पूर्वी आवडायच्या गोष्टी नकोशा वाटत असतील, झोप-भूक पार बिघडली असेल, किंवा जगणंच नको असं मनात येत असेल, तर श्वास मोजत बसू नका. टेलिमानस ही सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. ठाण्याच्या सरकारी मनोरुग्णालयात बाहेरच्या पेशंटसाठी ओपीडी असते, तिथे गेलं म्हणजे भरतीच करतात असं नाही, त्या नावाची जी भीती आपल्याकडे लहानपणापासून घातलेली आहे ती आता काढून टाकायला हवी. मी स्वतः पाच महिने समुपदेशन घेतलं, साधना चालू असतानाच. गोळी घ्यावी लागली म्हणजे श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, डायबेटिसच्या गोळीबद्दल पण असंच म्हणतोस का.

किती दिवस लागतात

सगळे विचारतात. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकलं असेल, ते विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ पडतील असा हिशोब निघाला. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही असंही दिसलं. म्हणून गणपतीत, दिवाळीत, पाहुणे आल्यावर, मुलं आजारी पडल्यावर खंड पडणार हे धरूनच चाला. खंड पडला की दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं बसा आणि "माऊली, काल राहिलं" म्हणा, बस.

एकट्याने चालत नसेल तर एक माणूस जोडीला घ्या, एकच, ग्रुप नको. माझी बहीणच आहे माझी जोडीदार, तिनेच ती व्हॉइस नोट ऐकली होती ना. दर रविवारी मी तळ्यावरून परत येताना तिचा फोन येतो आणि हॅलोच्या आधी विचारते, "किती?" गेल्या रविवारी माझ्या सहा होत्या, त्यातल्या चार एकट्या सोमवारच्या, कारण त्या दिवशी गाडी तुर्भ्यालाच अडकली होती आणि मुलाची मीटिंग चुकली. तिच्या नऊ. मग मी तिला त्या नऊ वाक्यांतलं एक वाचायला सांगितलं, तिने वाचलं, आणि परत वाचलं, बाळा लावून.